वृंदगानाचा दौरा, संगीत नाटकाचे प्रयोग आणि ख्यालाचा रियाज : एकाच हंगामात गळा कसा सांभाळावा?

काळी_चार (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यात राहते, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि लहानपणापासून नौपाड्यातील एका गुरुजींकडे ख्याल शिकते आहे. महाविद्यालयात आल्यावर तिथल्या वृंदगान पथकात माझी निवड झाली आणि यंदा नाट्यविभागाने बसवायला घेतलेल्या संगीत नाटकात नायिकेची भूमिकाही मिळाली. दोन्ही गोष्टी मला मनापासून हव्या होत्या आणि त्या मिळाल्याचा आनंद आजही तेवढाच आहे. मात्र हंगाम जसजसा पुढे सरकतो आहे तसतसा गळ्यावरचा ताण जाणवू लागला आहे, म्हणून इथल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची फेरी झाली. भारतीय समूहगानाची ती स्पर्धा मला जड गेली नाही, कारण तिथे गाणारे जास्तीत जास्त सहा, साथीदार तीन आणि सगळे सादरीकरण दहा मिनिटांचे असते. खरी धावपळ त्यानंतर सुरू झाली. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर आमच्या पथकाचे गाणे आहे, मग सत्र परीक्षा, डिसेंबरात नाताळच्या गीतांचे कार्यक्रम आणि त्याच सुमारास नाटकाचा ठाण्यातील प्रयोग डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात. जानेवारीत वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात दुसरा प्रयोग आणि त्याला लागूनच पथकाचा नाशिक, कोल्हापूर, पणजी असा दौरा. वाशीचा प्रयोग रात्री संपेल आणि दौऱ्याची बस दुसऱ्या दिवशी पहाटे निघेल.

सध्या सकाळी रियाजाला बसल्यावर मंद्रातले (खालच्या सप्तकातले) स्वर नीट लागतात, पण तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा-च्या, वर गेले की आधी नुसती हवा येते आणि जोर लावल्यावर स्वर सापडतो. पावसाळ्यापर्यंत असे होत नव्हते. वृंदगानात मला सोप्रानोच्या, म्हणजे मुलींच्या सर्वांत वरच्या स्वरांच्या, ओळीत उभे केले आहे, कारण आमच्या सरांच्या मते माझा आवाज टोकदार आहे आणि मागच्या रांगेतूनही ऐकू येतो. सरांचा आग्रह असतो की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नको, कंप नको, स्वर सरळ लावा. नाटकाच्या दिग्दर्शिका सांगतात की पदातला प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. गुरुजींचे म्हणणे असे की समूहात गाऊन आवाज जाड होतो, आपला स्वर आपल्यालाच ऐकू येईनासा होतो आणि ख्यालाला लागणारी नजाकत निघून जाते. त्यांनी मला अडवलेले नाही, पण या हंगामानंतर नीट विचार कर, असे सुचवले आहे.

वृंदगानाने ख्यालाचा आवाज खरोखर बिघडतो का? यांतले काही सोडणे भाग आहे, की वेळ आणि गळा यांची मांडणी बदलून तिन्ही गोष्टी निभावता येतील? घरच्यांना हजेरीचीही काळजी आहे, त्याविषयी कोणाचा अनुभव असल्यास तोही कळवावा.

वृंदगान_वाशी

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा तपशील मला सोप्रानोचा वाटला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी वाशीत बऱ्याच वर्षांपासून महाविद्यालयीन मुलामुलींचे वृंदगान बसवतो आणि ख्याल किंवा नाट्यगीत शिकून आलेल्या मुलींच्या बाबतीत हा प्रकार वारंवार पाहतो. आवाज टोकदार असणे आणि आवाजाचा पल्ला उंच असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तुम्ही घेतलेल्या नावावरून तुमचा षड्ज काळी चारचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा, आहे असे धरतो. सोप्रानोच्या ओळीला मोठ्या रचनांमध्ये वरच्या जी स्वरापर्यंत जावे लागते. काळी चारच्या हिशेबाने तो तार सप्तकातला शुद्ध निषाद होतो. ख्यालात आपण तार गंधार, मध्यम, फार तर पंचमापर्यंत जातो आणि तिथेही फारसे रेंगाळत नाही. वृंदगानात मात्र निषादावर चार-चार मात्रा थांबायचे असते. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या मुली त्या उंचीवर जाताना आवाजाची जात बदलतात, छातीचा भरीव आवाज सोडून डोक्यात घुमणाऱ्या हलक्या आवाजात शिरतात. ते वळण कोणी शिकवलेच नसेल तर मुलगी छातीचाच आवाज रेटत वर नेते आणि गळा आवळला जातो. तार षड्जाच्या वर आधी हवा आणि मग जोर, हे तुम्ही केलेले वर्णन मला या रेटण्याशी जुळणारे वाटते.

आता आल्टोची, म्हणजे मुलींची सोप्रानोच्या खालची, ओळ पाहा. ती साधारणपणे मधल्या सीच्या खालच्या एफपासून वरच्या सीपर्यंत फिरते, म्हणजे काळी चारच्या मंद्र धैवतापासून तार गंधारापर्यंत. हा तर तुमचा रोजच्या रियाजाचा मुलूख आहे. सरांना एकदा वेळ मागून घ्या, पेटीवर दोन्ही ओळी त्यांच्यासमोर गाऊन दाखवा आणि आल्टोत घेण्याची विनंती करा. चांगल्या आल्टो कोणत्याही पथकाला हव्याच असतात, कारण मधली ओळ सुरात धरून ठेवणे वरची चाल गाण्यापेक्षा अवघड असते आणि ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे त्यांना ते जमते.

कानाचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. पियानोवरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाएवढा. पियानोच्या साथीने गाताना तुम्हाला काहीतरी टोचत असेल तर त्याचे कारण हे असू शकते. साथीशिवाय गाताना मात्र चांगले पथक स्वयंभू गंधाराकडे झुकते आणि तिथे तुमच्यासारख्या मुलीमुळे सगळ्या ओळीचा सूर स्थिर होतो. गुरुजींना नजाकत हरवण्याची जी भीती वाटते तिला माझे उत्तर हेच आहे. वृंदगानात मींड आवरावी लागते हे खरे, पण स्वराच्या नेमक्या जागेवर हलल्याशिवाय उभे राहण्याची जी सवय लागते तिचा विलंबित ख्यालात उपयोगच होतो.

त्यांचा दुसरा मुद्दा, समूहात स्वतःचा स्वर ऐकू येईनासा होतो, हा मात्र शंभर टक्के खरा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करू नका. भोवताली आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज वाढवतो, हे फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. पथकात सगळेच जण तसे करतात आणि तालीम संपेपर्यंत प्रत्येकाचा गळा थकलेला असतो. आम्ही यावर दोन उपाय केले. मुले खांद्याला खांदा लावून उभी राहत असत, तिथे दोघांमध्ये हातभर अंतर ठेवायला सुरुवात केली. आणि शेजारच्या दोघांचा स्वर ऐकू येत राहील इतपतच मोठ्याने गायचे, असा नियम घातला. वर्गखोलीत फरशी आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो, तिथे हा नियम पाळणे कठीण जाते. शक्य असेल तर पडदे असलेली खोली मागून घ्या.

मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ साली वृंदगानाची जी परंपरा सुरू केली ती पुढे कूमी वाडिया यांनी अनेक दशके चालवली, आणि सलील चौधरी यांनी त्याच दशकात बॉम्बे यूथ क्वायर उभारून भारतीय चालींना अनेक स्वरांच्या मांडणीत बसवले. हे गाणे आपल्याकडे नवखे नाही. जमल्यास गुरुजींना एखाद्या तालमीला घेऊन या. ते शेवटच्या बाकावर बसून तुमचा आवाज ऐकतील तेव्हा कुठे जोर पडतो आहे हे आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना आधी कळेल.

पायपेटी

मी ठाण्याचाच. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करण्यात उभी हयात गेली, तेव्हा वयाच्या नात्याने तुला एकेरीत लिहितो. वृंदगानाविषयी वर सविस्तर आले आहे. मी नाटकापुरते बोलतो.

नाटकात गळ्याला पदांपेक्षा संवादांचा त्रास जास्त होतो. पद म्हणताना तू शिकलेला श्वास वापरतेस, पण संवादाच्या आवेशात तो श्वास विसरला जातो आणि नवख्या मुली बोलण्याची पट्टीच चढवून ठेवतात. संहिता घेऊन बस आणि आक्रोशाच्या किंवा भांडणाच्या प्रवेशानंतर लगेच येणारी पदे शोधून काढ. तेवढ्या जागांपुरते ऑर्गनवाल्याला सांग की सुरुवातीची सुरावट थोडी लांबवा. प्रेक्षकांना ती गोडच वाटते, आणि तुला पाठ वळवून दोन श्वास घेता येतात. पदांची पट्टीही विचारून घे. नायकाचा षड्ज काळी एकचा आणि तुझा काळी चारचा असेल, आणि तालमीच्या सोयीसाठी सगळी पदे एकाच मधल्या पट्टीत बांधली असतील, तर दोघांचेही हाल होतात. पट्टी बदलून वाजवणे हे आमचे रोजचे काम आहे, त्यात संकोच करू नये.

शेवटच्या रांगेविषयी दिग्दर्शिकाबाई म्हणतात ते योग्यच आहे, पण घाणेकर असो की भावे, तिथे ध्वनिव्यवस्था आहे. शब्द पोहोचतो तो व्यंजने स्वच्छ उच्चारल्याने; आवाज वाढवला की उलट स्वर पसरतात आणि शब्द त्यात बुडतो. प्रयोगाच्या दिवशी लवकर जा, रंगमंचावरच्या माइकांच्या जागा पाहून ठेव आणि ध्वनिसंयोजकाला तुझ्या सर्वांत हळू पदाची एक ओळ ऐकव, म्हणजे तो त्या हिशेबाने आवाज बांधेल. हालचाली बसवण्याची तालीम असेल त्या दिवशी पद पूर्ण आवाजात म्हणायचेच नाही, खालच्या सप्तकात नुसते गुणगुणायचे. जुन्या मंडळींना यात काही वावगे वाटत नसे.

गुरुजींशी बोलताना, अर्थात आदराने, आपल्या ठाण्याच्या पं. राम मराठे यांची आठवण काढ. ते १९२४ ते १९८९ या काळातले, ख्यालाचे थोर गवई आणि संगीत रंगभूमीवरचे तेवढेच थोर गायक नट. महापालिका आजही त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते. नाटकाने त्यांचा ख्याल उणावला असे म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही.

वाचा_उपचार

मी वाचा-उपचारतज्ज्ञ असून नवी मुंबईत गायक आणि शिक्षकांच्या आवाजाच्या तक्रारींवर काम करते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, त्यामुळे वरच्या दोन्ही प्रतिसादांतील गायनाच्या मुद्द्यांना मी हात लावत नाही. मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगते. तुमचा त्रास पावसाळ्यानंतर सुरू होऊन अजून टिकून आहे. गाणाऱ्या व्यक्तीच्या आवाजातील बदल दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडून स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी, आणि शक्य असल्यास स्ट्रोबोस्कोपीची सोय असलेल्या ठिकाणी जावे, कारण त्यात स्वरतंतूंची थरथर संथ केल्यासारखी दिसते आणि नुसता थकवा आहे, सूज आहे की गाठी धरू लागल्या आहेत हे कळते. सुरुवातीच्या मऊ गाठी बहुतेक वेळा आवाजाच्या व्यायामांनी आणि सवयी बदलून कमी होतात. हे काम दिवाळीपूर्वी करा, दौऱ्याच्या तोंडावर ठेवू नका.

काळी चारचा मध्य षड्ज लावताना स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आदळतात आणि तार षड्जाला त्याच्या दुप्पट. सरासरी ३०० धरली तरी तासभर सलग आवाज लावल्यास हा आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. त्यामुळे कार्यक्रम किती आहेत यापेक्षा दिवसभरात आवाज किती वेळ वापरला गेला, याची नोंद ठेवा. त्यात रियाज, पथकाची तालीम, नाटकाची तालीम, शिवाय लोकलच्या डब्यात मैत्रिणींशी मारलेल्या गप्पाही धरा. डब्यातल्या कोलाहलावर आवाज चढवून बोलणे हे गळ्याच्या दृष्टीने एखाद्या तालमीइतकेच असते, आणि नेमके तेच कोणी मोजत नाही. ज्या दिवशी दोन तालमी असतील त्या दिवशी रियाज मंद्र आणि मध्य सप्तकात, थोडाच वेळ करा.

सवयींबद्दल थोडेसे. घसा बसला की मुली कुजबुजत बोलतात. जोर लावून केलेल्या कुजबुजीने स्वरतंतूंना विश्रांती मिळत नाही, गप्प बसल्याने मिळते. घसा खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला आराम वाटतो आणि त्या खुशाल करा, पण गिळलेली कोणतीही वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना ती लागत नाही. साध्या पाण्याची वाफ मात्र तिथवर पोहोचते. गाण्यापूर्वी आणि नंतर पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून तिच्यातून बुडबुडे काढत ऊकार लावावा, खालून वर आणि वरून खाली सावकाश; यात ओठांशी अडलेल्या हवेचा दाब स्वरतंतूंना वरून आधार देतो आणि ते हलकेच जुळतात. सर्दीवरच्या अनेक गोळ्यांनी घसा कोरडा पडतो. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते, त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि गाता गाता आवाज अचानक गेला, तर त्या दिवशी पुढे गायचे नाही, मग कार्यक्रम कोणताही असो.

घोडबंदरची_आई

माझी मुलगी अशाच पथकात होती, म्हणून हजेरीपुरते लिहिते. ७५ टक्क्यांची अट सगळ्यांना ठाऊक असते, पण स्पर्धेच्या किंवा दौऱ्याच्या दिवसांची सवलत आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये. सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांकडून तारखांसह पत्र घेऊन त्यावर प्राचार्यांची सही दौऱ्याआधी करून घ्यावी आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना त्याची प्रत द्यावी. नवीन शैक्षणिक धोरणात सादरीकरणाच्या कलांना सहअभ्यासक्रमाची श्रेयांके आहेत. तुमचे काम त्यात धरले जाते का, हेही कार्यालयात विचारा. वाशीच्या तालमी रविवारी असतील तर ठाणे-वाशी मार्गावर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी पाहावे, म्हणजे ऐरोलीमार्गे रस्त्याने जायची वेळ आली तरी धापा टाकत पोहोचावे लागत नाही.

काळी_चार

सर्वांचे मनापासून आभार. सरांशी बोलले. त्यांनी दोन्ही ओळी गाऊन घेतल्या आणि आल्टोत जाण्यास लगेच होकार दिला. नाताळच्या एका गीतात सोप्रानोला आवाज कमी पडतात, तेवढ्यात मात्र वर गाशील का, असे विचारले आहे. तपासणीची वेळ घेतली आहे. गुरुजी तालमीला यायला तयार झाले, याचा आनंद सर्वांत मोठा आहे. आता उरतो तो वाशीचा प्रयोग आणि दुसऱ्या दिवशीची पहाटेची बस. प्रयोगाला दुसरी मुलगी तयार नाही आणि दौऱ्याची तारीख बदलणार नाही.

वाचा_उपचार

त्या एका गीताचा निर्णय तपासणीनंतरच घ्या. तोवर सरांना होकार देऊ नका. प्रयोगाच्या रात्री मेकअप उतरवताना, भेटायला आलेल्यांशी बोलताना सर्वाधिक आवाज खर्च होतो. पाणी आणि स्ट्रॉ बरोबर ठेवा, काही मिनिटे तो व्यायाम करून मग मौन धरा आणि भेटणाऱ्यांना घरच्यांनी सांभाळून घ्यावे. उशिरा जड जेवून लगेच आडवे झाल्यास आम्ल घशापर्यंत येऊ शकते, म्हणून मुख्य जेवण प्रयोगाच्या बऱ्याच आधी घ्या आणि नंतर हलके काहीतरी खा.

वृंदगान_वाशी

बसबद्दल मी सांगतो, कारण आमच्या दौऱ्यांत मुलांचे आवाज कार्यक्रमांपेक्षा अंताक्षरीत जास्त बसले आहेत. इंजिनाचा आवाज, वातानुकूलनाची कोरडी हवा आणि त्यावर तारस्वरात गाणारी सगळी बस. तुम्ही पुढच्या बाजूची जागा घ्या, गळ्याभोवती ओढणी गुंडाळा, पाणी पीत राहा आणि नाशिक येईपर्यंत झोपा. मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे कोणाला वाईट वाटणार नाही. नाशिकच्या कार्यक्रमात पूर्वार्धात तुम्हाला बाहेर ठेवून उत्तरार्धात उभे करता येईल. आल्टोत पुरेसे आवाज असतील तर कोणताही संचालक हे मान्य करतो, फक्त गाण्यांचा क्रम एकदा ठरला की त्यात फेरफार करणे त्याला जड जाते. तेव्हा ही विनंती क्रम लागण्यापूर्वी, सत्र परीक्षा संपताच सरांच्या कानावर घाला आणि वाशीच्या प्रयोगाची तारीख त्यांना लिहून द्या.